मुंबईत गाणं ऐकायला आणि नाचायला जायचं तर जागा कशी ओळखायची?

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही मूळचे सांगलीचे, वय 28, नोकरीमुळे दीड वर्षापासून गोरेगावात. बायकोला गाणं ऐकायची आणि नाचायची, दोन्हींची हौस. दोनदा अंधेरीतल्या क्लबात जाऊन आलात. दोन्ही वेळा दारात कव्हर चार्ज, म्हणजे आत शिरायचे पैसे, आत डीजे, तीच ती रिमिक्स, नाचायला पाय ठेवायला जागा नाही, बोलायचं तर एकमेकांच्या कानात ओरडायचं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कानात शीळ. डिसेंबरात 22 वर्षांची चुलत बहीण येतेय, तिला घेऊन एक संध्याकाळ तरी नीट जावी अशी इच्छा आहे. म्हणून तुम्ही विचारलंत की मुंबईत चांगल्या लाइव्ह म्युझिकची आणि नाचायची ठिकाणं कोणती, खर्च किती येतो आणि बायकांना घेऊन जाणं सुरक्षित आहे का.

मी लाइव्ह साउंडचं काम करतो. बॅण्ड स्टेजवर वाजवत असतो तेव्हा समोर कन्सोलवर उभा राहून जो माणूस प्रत्येकाचा आवाज वरखाली करत असतो, तो मी. गिरणी कंपाउंडांतले क्लब, हॉटेलांचे लाउंज, नाट्यगृहं, मैदानावरचे फेस्टिव्हल, लग्नांतले संगीत, सगळीकडे हे काम केलंय. नावांची यादी तुम्हाला कुठेही मिळेल, आणि वर्षभरात त्यातली काही नावं बंदही झालेली असतील. भाडं, लायसन्स, शेजाऱ्यांच्या तक्रारी यांच्या ओझ्याखाली इथल्या जागा फार लवकर बसतात. काही नावं मी देतो, पण जागा पारखायची कशी हे आधी सांगतो, कारण तुमची अडचण तिथेच आहे.

तुम्ही दोन्ही वेळा अशा ठिकाणी गेलात जिथे संगीत विकायला ठेवलेलंच नव्हतं. तिथे टेबल विकायला होतं. कुठल्याही जागेबद्दल मी पहिला प्रश्न हाच विचारतो: इथला पैसा तिकिटातून येतो की टेबलावरून? त्यावरून आत काय ऐकायला मिळणार, किती मोठ्याने, आणि कोणाच्या सोयीने, हे जवळजवळ सगळं ठरतं.

टेबलावरून कमाई असेल तर मालकाचं लक्ष बाटलीवर. आवाज वाढला की बोलणं कमी होतं आणि ग्लास लवकर रिकामा होतो, हे प्रत्येक बार मॅनेजरला अनुभवाने माहीत असतं. अशा ठिकाणी रात्री अकरा वाजले की मॅनेजर कन्सोलपाशी येतो आणि हाताने खूण करतो, वाढव. गायकाचे शब्द कळतायत का हे त्याने विचारलेलं मला आठवत नाही. नाचायची जागाही तिथे कमी असते, कारण प्रत्येक चौरस फुटावर एक टेबल बसू शकतं आणि नाचणारा माणूस नाचत असेपर्यंत काही मागवत नाही. यात कोणाचा दुष्टपणा नाही, धंद्याचं गणित तसं आहे. शुक्रवारी रात्री ऑफिसच्या पंधरा जणांना धुडगूस घालायचा असेल तर अशी जागा उत्तमच. तुमची गरज वेगळी आहे.

तिकिटावर चालणाऱ्या कार्यक्रमाला लोक त्या कलाकारासाठी येतात. गाणं नीट ऐकू आलं नाही तर मध्यंतरात माझ्यापाशी येऊन सांगतात, आणि मालकालाही सांगतात. त्यामुळे तिथे दुपारी चार वाजता साउंड चेक होतो. तो कधी पाहायला मिळाला तर जरूर पाहा. रिकामा हॉल, चकचकीत फरशी, एका बाजूला काच. ड्रमरने स्नेअरवर, म्हणजे कडक आवाजाच्या ड्रमवर, एकच फटका मारला तरी तो भिंतीवर आपटून परत येतो आणि गायकाच्या माइकमध्ये शिरतो. मग मी एकेक वाद्य घेतो. बेसचा कोणता सूर खोलीत घुमतोय तो शोधून तेवढाच कापतो. गायिकेला तिच्या मॉनिटरमध्ये, म्हणजे तिच्याकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये, स्वतःचा आवाज हवा असतो, गिटारवाल्याला ड्रम. दोन तास यात जातात. आणि रात्री दोनशे माणसं आत आली की सगळं पुन्हा बदलतं, कारण अंगावरचे कपडे आणि माणसांची शरीरं वरचे सूर शोषून घेतात. पहिल्या दोन गाण्यांत मी भराभर फेडर, म्हणजे आवाज वरखाली करायच्या पट्ट्या, हलवत असतो तो याचसाठी. टेबलवाल्या बारमध्ये हा दुपारचा वेळ कोणी देत नाही. बॅण्ड आठ वाजता पोचतो, साडेआठला वायरी जोडतो, नऊला सुरू. तिथे गाणं खराब वाटलं तर दर वेळी दोष गायकाचा नसतो.

हे आजचं नाही. 1935 मध्ये लिऑन अ‍ॅबीचा अमेरिकन बॅण्ड ताजमहाल हॉटेलात आला, त्यानंतर मुंबईच्या हॉटेलांत जॅझ रुजलं. ते वाजवणारे बहुतेक पुढे गोव्याचे होते. चिक चॉकलेट या नावाने प्रसिद्ध असलेले अँतोनियो झेवियर वाझ ताजमध्ये ट्रम्पेट वाजवायचे आणि आपल्या सी. रामचंद्रांच्या सिनेसंगीतातही त्यांचा हात असायचा. रात्री हॉटेल, दिवसा रेकॉर्डिंग. 1949 चा दारूबंदी कायदा आला, हॉटेलांतल्या नाचाच्या रात्रींना उतरती कळा लागली आणि या वादकांना स्टुडिओचाच आधार राहिला. दारूच्या गल्ल्यावर उभं असलेलं संगीत त्या गल्ल्याबरोबर बसतं, हे मुंबईने तेव्हाच पाहिलंय.

आपल्या पिढीतलं उदाहरण लोअर परळच्या मथुरादास मिल कंपाउंडातल्या ब्लू फ्रॉग या लाइव्ह म्युझिकच्या क्लबचं. 2007 अखेर सुरू झालं, 2016 मध्ये बंद. उंच छताची जुनी गिरणी, स्टेजकडे तोंड करून वर्तुळाकार बसायच्या जागा, कुठेही बसा, स्टेज दिसणारच. आमच्या धंद्यातले लोक अजून त्याची आठवण काढतात, कारण तिथे जागेचा नकाशाच ऐकणाऱ्याला मध्ये ठेवून काढला होता. एवढं करूनही ते टिकलं नाही. म्हणून आज जिथे चांगलं चाललंय तिथे तिकीट काढून जा. फुकट एन्ट्रीची वाट बघत बसलात तर ती जागाही जाईल. हे मी मनापासून सांगतोय.

आता घरबसल्या जागा कशी ओळखायची? जाहिरात वाचा. कलाकाराचं नाव, सुरू व्हायची वेळ आणि तिकिटाची किंमत ठळक असेल तर तिथे संगीताला मान आहे. ‘लेडीज नाइट’, ‘बॉलिवूड नाइट’, ‘अनलिमिटेड’ असं काही ठळक आणि कलाकाराचं नाव बारीक अक्षरांत, किंवा नाहीच, तर ते टेबल विकतायत. मग फोटो बघा. खास स्टेज आहे की कोपऱ्यातली दोन टेबलं हलवून बॅण्ड उभा केलाय? हॉलच्या मध्यावर किंवा मागे कन्सोल दिसतोय का? गायकाच्या डोक्यावर क्रिकेटची मॅच लावलेला टीव्ही दिसला तर पुढे बघूच नका. आणि सरळ फोन करून विचारा, बॅण्ड किती वाजता सुरू होतो आणि किती वेळ वाजवतो. नीट उत्तर मिळालं नाही तर तेही उत्तरच.

नावांकडे येतो. ओरिजिनल गाणी करणारे बॅण्ड, हिपहॉप, इलेक्ट्रॉनिक ऐकायचं तर लोअर परळचा अँटीसोशल हा क्लब. तिथे बहुतेक वेळ उभं राहावं लागतं आणि आवाज मोठा असतो, पण कार्यक्रम हा कार्यक्रम म्हणून होतो. बसून, शांतपणे ऐकायचं तर नरिमन पॉइंटचं एनसीपीए, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स. तिथलं टाटा थिएटर 1980 चं, माइकशिवायही आवाज पोचावा अशा बेताने बांधलेलं. वाद्याचा खरा आवाज कसा असतो हे ज्यांनी फक्त स्पीकरवर ऐकलंय त्यांनी तिथे एकदा तरी बसावं. एनसीपीएमध्ये जॅझ, पाश्चात्त्य शास्त्रीय, हिंदुस्थानी, सगळं होतं आणि तिकिटं दर वेळी महाग नसतात. गिरगावातलं रॉयल ऑपेरा हाउस, 1911 साली पंचम जॉर्जच्या हस्ते उघडलेलं, 2016 मध्ये डागडुजीनंतर पुन्हा सुरू झालं. तिथले कार्यक्रम बघत राहा. महालक्ष्मीला जी5ए आहे, छोटी जागा, कलाकार अगदी समोर. आणि सांगलीकर आहात, गाणं ऐकायचा कान घरातून आलेला असणार, तर माटुंग्याचं दादर-माटुंगा कल्चरल सेंटर विसरू नका. ‘नाइटलाइफ’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे ते येत नाही, पण संध्याकाळी साडेसहाला तिथे बसून ऐकलेलं गाणं माझ्या लेखी कुठल्याही क्लबपेक्षा कमी नाही.

यातलं तुम्हाला काय रुचेल हे तुमच्यावर आहे. तुम्ही पिता की नाही, इंग्रजी गाण्यांत रमता की हिंदी-मराठीत, रात्री उशिरापर्यंत थांबायची तयारी आहे का, यावर निवड फिरते. जुनी हिंदी गाणी लाइव्ह ऐकायची असतील तर सांताक्रूझ-जुहूच्या मोठ्या हॉटेलांचे लाउंज पाहा. तिथे टेबलाचाच धंदा आहे, पण गिऱ्हाईक वयस्क, बोलायला आलेलं, त्यामुळे आवाज बेताचा ठेवावाच लागतो. म्हणजे माझ्या तिकीट-टेबलाच्या नियमाला अपवाद आहेत, आणि हा त्यातला चांगला.

ऑर्केस्ट्रा बारबद्दल कोणी तुम्हाला सुचवलं असेल, म्हणून एवढंच. 2005 च्या डान्स बार बंदीनंतर यातल्या बऱ्याच जागा गाण्याच्या लायसन्सवर चालू राहिल्या. तिथल्या काही गायिकांचे गळे फार तयार आहेत, मी त्यांच्यासोबत दुसरीकडे कामं केली आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण कुटुंब घेऊन ऐकायला बसायची ती जागा नाही.

नाचायचं असेल तर वेगळा विचार करावा लागतो, आणि तुमच्या बायकोसाठी हा भाग मी जास्त महत्त्वाचा मानतो. जोडीने नाचायला जागा हवी, आणि जागा टेबलवाल्या क्लबात मिळत नाही. त्यावर मुंबईत एक उपाय रुळलेला आहे, साल्सा आणि बचाता या जोडीने करायच्या नाचांचे ‘सोशल’. नाचाचे क्लासवाले एखाद्या बारची आठवड्यातली मधली, रिकामी रात्र घेतात, मंगळवार-बुधवार-गुरुवार. टेबलं भिंतीला लावून मधला फ्लोअर मोकळा करतात. आधी तासभर नवख्यांना मूळ पावलांची शिकवणी, मग गाणी सुरू. अशा रात्रींना मी साउंड दिलाय, तेव्हा जवळून पाहिलंय. टेबलांवर बिअरपेक्षा पाण्याच्या बाटल्या जास्त. बायकांनी बॅगेतून नाचाचे बूट काढून घातलेले. एक गाणं संपलं की जोडीदार बदलतात. समोरचा हात पुढे करून विचारतो, नको म्हटलं की हसून पुढे जातो, कोणी दुसऱ्यांदा आग्रह धरत नाही. पन्नाशीतल्या बाई विशीतल्या मुलाला गिरकी कुठे घ्यायची ते शिकवत असतात. बारवाल्याला फार कमाई नसते, म्हणूनच हे शनिवारी मिळत नाही. तुम्ही दोघांनी आधी महिनाभर क्लास लावला तर दुधात साखर. नाही लावला तरी पहिल्या तासाच्या शिकवणीवर निभतं. या रात्री बार बदलत राहतात, म्हणून जागेचं नाव शोधू नका, क्लासवाल्यांची इन्स्टाग्राम पानं बघा.

आता वेळेबद्दल, कारण बाहेरगावाहून आलेल्यांची इथे गफलत होते. उघड्यावरचा स्पीकर रात्री 10 ला बंद, हा 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा दंडक. वर्षातले मोजके 15 दिवस सरकार मध्यरात्रीपर्यंत मुभा देऊ शकतं. म्हणून महालक्ष्मी रेसकोर्सवर 2023 पासून होणारा लोलापलूझासारखा मोठा फेस्टिव्हल दुपारीच सुरू होतो आणि दहाला थांबतो. पुण्याचा सवाई एकेकाळी रात्रभर रंगायचा, त्याचं वेळापत्रकही याच नियमाने बदललं. आणि धोबी तलावचं रंगभवन, जिथे 1978 ला जॅझ यात्रा सुरू झाली, जिथे कॉलेजची पोरं रॉक ऐकायला लोटायची, ते खुलं नाट्यगृह शांतता क्षेत्रात येतं म्हणून मुकं झालं. तेव्हाच्या नियमाने रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्याभोवतीचे 100 मीटर म्हणजे शांतता क्षेत्र; 2017 पासून ते सरकारने तसं जाहीर करावं लागतं. जुन्या हिशोबाने दक्षिण मुंबईत यातून सुटलेला मोकळा तुकडा सापडणं कठीण होतं. रुग्णालयाशेजारी स्पीकर नसावा हे मला शंभर टक्के मान्य आहे. पण रंगभवन गेल्यावर शहराने त्याच्या तोडीची, स्वस्त तिकिटाची दुसरी जागा उभी केली नाही, याची खंत मला कायम वाटते.

बंद जागेत संगीत रात्री उशिरापर्यंत चालतं, पण आवाज बाहेर गेला तर नियम तिथेही लागू. रहिवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल, व्यापारी भागात 55. आत शंभरच्या आसपास वाजत असताना शेजारच्या खिडकीत पंचेचाळीस ठेवायचे म्हणजे भिंत फार जाड हवी. वरचे सूर भिंत अडवते, बेस आरपार जातो. तक्रार आली, पोलीस दारात आले की आम्ही पहिल्यांदा सबवूफर, म्हणजे बेसचा स्पीकर, खाली आणतो. मध्येच गाणं अचानक पोकळ वाटू लागलं तर बहुधा हेच झालेलं असतं. वांद्रे-खारच्या गल्ल्यांतल्या जागांना हा त्रास जास्त, गिरणी कंपाउंडांना कमी. शिवाय बहुतेक बार-परमिट रूम दीडला बंद होतात, शेवटची ऑर्डर त्याआधी. म्हणून अकरा वाजता निघून साडेबाराला पोचायचा बेत करू नका. बॅण्डची मुख्य गाणी साधारण दहा ते साडेअकरामध्ये होऊन जातात.

कानातल्या शिळेवर मात्र मी थोडा वेळ घेणार आहे, कारण तुम्ही ती सहज लिहून गेलात आणि मला तीच सर्वांत जास्त खटकली. 85 डेसिबलला माणूस आठ तास राहू शकतो असं धरलं जातं. दर 3 डेसिबलला ती वेळ निम्मी होते. या हिशोबाने 100 डेसिबलला पंधरा मिनिटं. तुम्ही तीन-चार तास काढलेत. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये अशा जागांसाठी मानक काढलं, त्यात सरासरी 100 डेसिबल ही कमाल मर्यादा आहे, आणि सोबत इअरप्लग ठेवणं, कानाला विश्रांती मिळेल अशी शांत जागा असणं याही गोष्टी आहेत. इथे हे पाळणाऱ्या जागा कमीच, म्हणून काळजी आपली आपण घ्यायची. वादक वापरतात तसे फिल्टरवाले इअरप्लग घ्या. ते सगळे सूर सारख्या प्रमाणात, साधारण 15 ते 20 डेसिबलने खाली आणतात, गाणं स्वच्छच ऐकू येतं. फोमचे प्लग वरचे सूर जास्त कापतात, त्याने गाणं दबलेलं वाटतं, पण काहीच नसण्यापेक्षा ते बरे. मी स्वतः प्लगशिवाय क्लबात पाऊल टाकत नाही. कान हीच माझी रोजीरोटी आहे. तासाभराने दहा मिनिटं बाहेर उभे राहा. शीळ दुसऱ्या दिवशी दुपारनंतरही राहिली, किंवा एका कानाने कमी ऐकू येतंय असं वाटलं, तर वाट न बघता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.

उभं कुठे राहायचं यानेही फार फरक पडतो. कन्सोलच्या जवळ उभे राहा. साउंडवाला जे ऐकून मिक्स करतोय तेच तुम्हाला ऐकू येईल. स्टेजला अगदी चिकटून उभे राहिलात तर छोट्या जागेत ड्रम आणि गिटारचा अ‍ॅम्प, म्हणजे तिचा स्वतःचा स्पीकर, थेट कानावर येतो, आणि गायकाचा आवाज ज्या स्पीकरमधून येतो तो तुमच्या डोक्यावरून मागे जातो. शब्द कळत नाहीत ते त्यामुळे. कोपऱ्यात आणि भिंतीला लागून बेस साचतो. गॅलरीच्या खाली वरचे सूर मरतात. एक पाऊल डावी-उजवीकडे सरकून बघा, खोलीत कुठेतरी स्वच्छ जागा सापडतेच.

बहिणीबद्दल. महाराष्ट्रात बिअरसाठी वय 21 आणि कडक दारूसाठी 25 पूर्ण लागतं. तिला 22, म्हणजे तुम्ही मागवलेली व्हिस्की तिच्या हातात नको, तुमच्याही हिताचं नाही. बहुतेक क्लब 21 च्या आतल्यांना घेत नाहीत आणि दारात आधार किंवा लायसन्स बघतात, ते जवळ असू द्या. मोबाइलमधला अंधुक फोटो चालतोच असं नाही. दारूसाठी एक दिवसाचा परवानाही कायद्याने लागतो, बार स्वतःच तो फाडून देतो. त्या 1949 च्या कायद्याची ही अजून चालू असलेली खूण. काही जागा ‘स्टॅग’ना, म्हणजे बाईशिवाय आलेल्या पुरुषांना, घेत नाहीत किंवा जास्त पैसे लावतात. तुम्ही तिघं आहात, दोन बायका आणि एक पुरुष, तेव्हा अडचण येऊ नये.

खर्चाचं म्हणाल तर तिकिटाचे कार्यक्रम सध्या साधारण पाचशे ते दीड हजारात होतात, परदेशी कलाकार असेल तर कितीही वर. कव्हर चार्ज जोडप्याला दोन हजारांच्या पुढे सहज जातो. त्यातली रक्कम खाण्यापिण्यात वळती होते की नाही, हे दारातच विचारा. बिलातला सर्व्हिस चार्ज ऐच्छिक असतो. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचा 2022 चा तसा आदेश आहे. द्यायचा नसेल तर शांतपणे काढायला सांगा. सेवा आवडली असेल तर टिप वेटरच्या हातात द्या.

सुरक्षिततेबद्दल लोक छेडछाडीचं विचारतात, आणि ते बरोबरच आहे. माझा अनुभव असा की तिकिटाच्या कार्यक्रमांत आणि सोशलमध्ये तो त्रास पुष्कळ कमी, गर्दीच्या डीजे रात्रींत जास्त. दारात आणि आत महिला बाउन्सर आहेत का बघा. काही घडलं तर सरळ त्यांच्याकडे जा; चांगल्या जागेत समोरच्याला पाच मिनिटांत बाहेर काढतात. पण एका गोष्टीचं कोणी विचारत नाही, आगीचं. 29 डिसेंबर 2017 च्या मध्यरात्री कमला मिल कंपाउंडात गच्चीवरच्या रेस्टॉरंटना आग लागली आणि 14 जण गेले. त्यातले कित्येक जिवाच्या आकांताने स्वच्छतागृहाकडे पळाले होते, तिथे धुराने गुदमरले. डिसेंबर 2025 मधली गोव्यातल्या हडफड्याच्या नाइटक्लबची आग तुम्ही वाचली असेल, तिथे 25 माणसं गेली.

आमचं सामान मागच्या दाराने आत जातं, त्यामुळे हे मागचं दार मला रोज दिसतं. एका जागेत त्या दारासमोर रिकाम्या सोडा बाटल्यांचे क्रेट छातीपर्यंत रचलेले होते, वर ‘एक्झिट’चा हिरवा दिवा व्यवस्थित चालू. आम्ही क्रेट हलवल्याशिवाय केबल टाकणार नाही म्हटलं, तेव्हा ते हलले. तुम्हीही आत शिरल्यावर ऑर्डर देण्याआधी दुसरं दार शोधा. वेटरला विचारा, लाजू नका. दार सापडलं नाही, किंवा त्याच्यासमोर सामान आहे, किंवा जागा गच्चीवर असून वर बांबू-ताडपत्रीचं छत आहे आणि खाली हुक्का किंवा फटाक्याच्या कांड्या चालल्यात, तर तिकिटाचे पैसे सोडून द्या आणि निघा. धूर पसरला तर स्वच्छतागृहाकडे जाऊ नका.

परतायचं आधी ठरवा. पश्चिम रेल्वेची शेवटची लोकल एकच्या सुमारास चर्चगेट सोडते, त्यानंतर चार वाजेपर्यंत काही नाही. साडेबाराला लोअर परळवरून निघालात तर गोरेगाव आरामात गाठाल. दीडला क्लब एकदम सुटतात तेव्हा सगळेच टॅक्सी शोधतात आणि भाडं दुप्पट होतं. टॅक्सीनेच जायचं तर एकला निघा. प्यायला असाल तर गाडीला हात लावू नका. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल निघालं तर पहिल्याच वेळी दंड 10,000 पर्यंत आणि कैदही होऊ शकते, आणि डिसेंबरात नाकाबंदी रोजचीच.

तुमच्या डिसेंबरच्या बेताबद्दल माझं मत विचाराल तर 24 ते 31 हे दिवस टाळा. त्या आठवड्यात जवळपास प्रत्येक जागा टेबलाचीच होते, कव्हर चार्ज वाढतात आणि गर्दीत ऐकणं-नाचणं दोन्ही होत नाही. बहीण महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात येऊ शकत असेल तर मधल्या वारी एखादा सोशल गाठा, शिकवणीच्या वेळेलाच पोचा, तिघंही नाचा. दुसरी संध्याकाळ हाती असेल तर एनसीपीएचं वेळापत्रक बघून जॅझ किंवा हिंदुस्थानी, जे असेल ते घ्या, आणि कार्यक्रमानंतर मरीन ड्राइव्हला चालत जा. ती नेमक्या त्याच शेवटच्या आठवड्यात येणार असेल तर तारखा इथे लिहा, आणि तिला काय ऐकायला आवडतं तेही. त्या दिवसांत कुठे तिकिटाचे कार्यक्रम लागलेत ते बघून सांगतो.